डब्यातील नऊ गोळ्या

आमच्या सांबऱ्यातील जुन्या घराच्या दाराच्या चौकटीशेजारी, भिंतीवर, गेरूसारख्या रंगात एक छाप होता. हिवताप विभागाची माणसे औषध फवारून गेली की त्या दिवसाची तारीख तेथे उमटवून जात. पुढे घराला चुना लागला, नंतर ऑइलपेंट लागला, आणि तो छाप दिसेनासा झाला. तथापि दार उघडताना आमची दृष्टी अद्याप त्या जागेकडे जाते. आम्ही लहान असताना, म्हणजे 1960 च्या मागेपुढे, दर पंधरवड्याला खाकी पिशवी खांद्यावर अडकवलेला एक कर्मचारी दारात येई आणि विचारी, "घरात कुणाला ताप?" कुणाला असेल तर बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घ्यावयाचा आणि पट्टीचा निकाल येण्याची वाट न पाहता पांढऱ्या कडू गोळ्या तेथल्या तेथे गिळावयास लावावयाच्या, असा त्याचा नेम होता. आम्ही त्या गोळ्या जिभेखाली धरून ठेवीत असू आणि तो वळला की अंगणातील क्रुसामागे थुंकून येत असू. हे पाप आम्ही पापनिवेदनात कधी सांगितले की नाही, ते आता आठवत नाही.

तो कर्मचारी एका फार मोठ्या कामाचा अगदी शेवटचा दुवा होता, हे आम्हांला पुष्कळ वर्षांनी समजले. देश स्वतंत्र झाला त्या सुमारास हिंदुस्थानात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख माणसे त्याने दगावत, असा तेव्हाचा अंदाज आहे. आमचा बेळगाव जिल्हा त्या वेळी मुंबई इलाख्यात मोडत असे. त्याच इलाख्यातील धारवाड व कारवार या आमच्या शेजारच्या जिल्ह्यांत, डॉ. डी. के. विश्वनाथन् यांच्या देखरेखीखाली, घरांच्या भिंतींवर डीडीटी फवारून खेड्यातील हिवताप आटोक्यात आणण्याचा प्रयोग 1946 च्या सुमारास झाला. कारवारकडील जंगलपट्टीत हिवतापाने गावेच्या गावे ओस पडलेली होती. तेथे या फवाऱ्याने जो फरक पडला त्याचा दाखला पुढे साऱ्या देशाला उपयोगी पडला. 1953 साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, आणि 1958 साली त्यालाच निर्मूलनाचे नाव मिळाले. 1965 पर्यंत रुग्णांची संख्या लाखाच्या घरात आली. सर्वांना वाटले, गेला हिवताप. मग पैसा आटला, लक्ष उडाले, डास डीडीटीला सरावले, आणि 1976 साली तीच संख्या 64 लाखांवर पोचली. आमच्यासारखी गोळ्या थुंकणारी पोरे त्यात किती होती, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

हे सर्व आठवण्याचे कारण आमचा पुतण्या.

हा मुलगा सेंट्रिंगच्या कामासाठी मंगळुरूला असतो. सांबऱ्याच्या शेतीत आता चार भावांचे भागत नाही. तेव्हा कोणी गोव्याला, कोणी पुण्याला, कोणी मंगळुरूला, अशी आमच्या घराची पांगापांग झालेली आहे. मंगळुरूत इमारती उठतात तेथे पाणी साठते. स्लॅबवर घातलेले पाणी, उघडी टाकी, लिफ्टसाठी खणलेला खड्डा. शहरातला हिवताप पसरविणारा जो अ‍ॅनाफिलिस स्टिफेन्सी नावाचा डास, त्याला अशीच स्वच्छ साठलेली पाणी मानवतात. गटारातला डास निराळा. हा आमच्या पिण्याच्या टाकीतला. कर्नाटकातील हिवतापाच्या रुग्णांत कितीतरी वर्षे मंगळुरूचा वाटा फार मोठा राहिला तो यामुळेच. पणजीतही 1986 च्या सुमारास हेच घडले होते, आणि त्यानंतर गोव्यात बांधकामावरील मजुरांची रक्ततपासणी करून त्यांना आरोग्यपत्रक देण्याची पद्धत पडली.

2022 च्या ऑगस्टात पुतण्याला तिकडे थंडी वाजून ताप आला. रक्त तपासले, व्हायवॅक्स जातीचा हिवताप निघाला. क्लोरोक्वीनच्या गोळ्या तीन दिवस घेतल्या, ताप उतरला, आणि प्रायमाक्वीन नावाच्या चौदा गोळ्या, रोज एक याप्रमाणे, घेण्यास सांगून त्याला विश्रांतीसाठी घरी पाठविले. तो सांबऱ्यास आला तेव्हा त्याच्या चार गोळ्या झाल्या होत्या. पाचवी त्याने आमच्यासमोर घेतली आणि म्हणाला, "काका, पोटात लई जळजळतंय बगा."

आम्ही चाळीस वर्षे मास्तरकी केली. आम्हांला विचारल्यावाचून आमच्या घरात कोणी सहसा काही करीत नाही, आणि हा मान आम्ही आनंदाने भोगला आहे. आम्ही म्हणालो, "ताप गेला ना? मग उगाच गोळ्या कशाला गिळतोस? राहू देत." उरलेल्या नऊ गोळ्यांची पट्टी आमच्या सौ.नी बिस्किटांच्या डब्यात, जुन्या चष्म्याशेजारी ठेवून दिली. आठ दिवसांनी मुलगा परत कामावर गेला.

आमच्या त्या एका वाक्यात काय चुकले होते, हे सांगावयाचे तर जंतूची चाल सांगणे भाग आहे. डास चावला की जंतू रक्तात शिरतात आणि अर्ध्या-एक तासात यकृतात जाऊन बसतात. तेथे वाढून ते पुन्हा रक्तात उतरतात, तांबड्या पेशींत शिरतात, त्या फोडून बाहेर पडतात. पेशी फुटतात त्या वेळी थंडी आणि ताप. व्हायवॅक्सची ही फेरी अठ्ठेचाळीस तासांची असते, म्हणून ताप एक दिवसाआड येतो. क्लोरोक्वीन मारते ते रक्तातील जंतूंना. पण व्हायवॅक्सचे काही जंतू यकृतात निजून राहतात. काही आठवडे, काही महिने ते तसेच असतात. मग केव्हा तरी जागे होऊन नवा डास चावल्यावाचून तोच ताप पुन्हा आणतात. या निजलेल्यांना मारण्यासाठी त्या चौदा गोळ्या. ताप गेल्यानंतरच्या गोळ्या याच खऱ्या मुळावरच्या गोळ्या, आणि नेमक्या त्याच आम्ही डब्यात ठेवल्या होत्या.

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या पुतणीचे, म्हणजे याच मुलाच्या धाकट्या बहिणीचे बाळंतपण बेळगावात होते. शस्त्रक्रिया करावी लागेल आणि रक्त लागेल, असे डॉक्टरांनी आदल्या दिवशी सांगितले. तिचा रक्तगट निगेटिव्ह. घरात जुळणारा तो एवढा भाऊच. फोन गेला आणि बिचारा रात्रीच्या बसने मंगळुरूहून आला. रक्तपेढीत एक छापील कागद भरून द्यावयाचा असतो. त्यात, गेल्या काही महिन्यांत हिवताप झाला होता का, असा प्रश्न होता. हिवतापातून बरे झाल्यावर तीन महिने रक्त देता येत नाही, असे तेथल्या बाईंनी सांगितले. आम्ही बोटांवर मोजले: अडीच महिनेही पुरे झालेले नव्हते.

वाचकहो, आम्ही येथे काही लपविणार नाही. आम्ही पुतण्याच्या कानाशी लागून म्हणालो, "थोड्या दिवसांचा तर फरक आहे. तू तर आता ठणठणीत आहेस. 'नाही' म्हणून लिही." त्याने आमच्याकडे पाहिले, काही बोलला नाही, आणि कागदावर "होय, ऑगस्ट" असे लिहून दिले. बाईंनी कागद बाजूला ठेवला. आम्ही त्या क्षणी त्याच्यावर मनातून चिडलो होतो. पुढचे चार तास कसे गेले ते आम्हांला ठाऊक. अखेर फादरांनी आमच्या मंडळींतील तरुणांना फोन केले, आणि दोघे, एक गणपत गल्लीत दुकानात काम करणारा व दुसरा कॉलेजात शिकणारा, जुळत्या गटाचे निघाले व धावत आले. मुलगी वाचली, बाळ सुखरूप झाले.

2 नोव्हेंबर, सर्व मृतांचा दिवस. स्मशानभूमीत फादर कबरींवर पवित्र पाणी शिंपीत होते आणि आम्ही आमच्या वडिलांच्या कबरीपाशी मेणबत्ती लावीत होतो. उन्हे चांगली तापली होती. पुतण्या शेजारी उभा होता. त्याचे दात वाजू लागलेले आम्हांला ऐकू आले.

यापुढे आम्ही जे केले ती दुसरी चूक. संध्याकाळी शेजारच्या घरातून हिवतापाच्या दोन गोळ्या मागून आणल्या आणि त्याला दिल्या. दुसऱ्या दिवशी रक्त तपासले तर काचपट्टीवर जंतू नाहीत. झटपट तपासणीच्या पट्टीवरही रेघ उमटली नाही. मग दुसऱ्या एका तपासणीवरून टायफॉईड ठरला, सलाईन लागले, औषधे सुरू झाली. ताप उतरे आणि पुन्हा येई. हे कोडे कुणाच्या लक्षात आले असेल तर आमच्या वहिनींच्या. चौथी इयत्ता शिकलेली ती माउली भिंतीवरच्या कालनिर्णयावर, मुलाला ताप आला की त्या तारखेवर पेन्सिलीने फुली मारीत होती. 2, 4, 6, 8. ती म्हणाली, "भावोजी, ह्यो एकाआड एक दिवस येतोय. टायफॉईड असा मोजून येतो व्हय?"

त्या फुल्या घेऊन आम्ही बेळगावातील एका परिचित डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आधीची औषधे विचारली, आणि शेजाऱ्याकडच्या दोन गोळ्यांचे नाव निघताच त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, "मास्तर, तुम्ही जंतूंना मारले नाही, विरळ केले. आता ते काचपट्टीवर कसे दिसावे?" मग त्यांनी बोटातून रक्ताचे तीन थेंब एका जाड टिपकागदावर घेतले, वाळविले, पाकिटात घातले आणि रेणुतपासणीसाठी पाठविले.

ही तपासणी काय आहे ते त्यांनी आम्हांला ज्या रीतीने समजावले, त्याच रीतीने सांगतो. प्रौढ माणसाच्या अंगात सुमारे पाच लिटर रक्त, म्हणजे पन्नास लक्ष मायक्रोलिटर. खेड्यापाड्यातील नेहमीच्या कामात सूक्ष्मदर्शकाला जंतू सापडावयाचा तर एका मायक्रोलिटरमागे पन्नासेक जंतू तरी असावे लागतात. हात आणि डोळा फार कसलेला असेल तर पाच-दहातही भागते. आता गुणाकार करा. मायक्रोलिटरला पन्नास, म्हणजे अंगात पंचवीस कोटी जंतू! चोवीस कोटी असतील तर ते नजरेतून सहज सुटावेत. झटपट पट्टीला तर शंभर-दोनशेची दाटी लागते. रेणुतपासणी जंतू पाहतच नाही. ती त्याच्या बीजद्रव्यातील एक ठराविक तुकडा शोधते. तो तुकडा रक्तात एक जरी असला तरी यंत्रात तापवून, निववून, पुन्हा तापवून त्याचे दोन केले जातात, दोनाचे चार, चाराचे आठ. बुद्धिबळाच्या पटावरील गव्हाच्या दाण्यांची गोष्ट आम्ही वर्गात किती वेळा सांगितली असेल! तीस फेऱ्यांत एकाचे एकशेसात कोटी होतात, आणि मग ते लपत नाहीत. कॅरी म्युलिस या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाला 1983 साली ही युक्ती सुचली. तिच्यासाठी 1993 साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. हिवतापाच्या चारही नेहमीच्या जाती या पद्धतीने वेगवेगळ्या ओळखता येऊ लागल्या त्याही 1993 पासूनच. मलेशियातील सारावाकमध्ये एका जातीचे म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली नोंदले जाणारे कितीतरी रुग्ण प्रत्यक्षात माकडांतून आलेल्या पाचव्याच जातीचे, नोलेसीचे, आहेत हे 2004 साली याच तपासणीने उघडकीस आणले. अलीकडे लॅम्प नावाची एक धाकटी बहीणही आली आहे. तिला तापविण्या-निवविण्याचे महाग यंत्र लागत नाही, एकाच उष्णतेवर काम होते. 2000 साली जपानी शास्त्रज्ञांनी ती प्रसिद्ध केली. आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांतून ती आली तर फार बरे होईल.

काही दिवसांनी निकाल आला: व्हायवॅक्स. तोच तो.

डॉक्टरांनी तारखा मागितल्या, आम्ही दिल्या. रक्तपेढीचा दिवस ऐकून ते थोडे थांबले आणि म्हणाले, "त्या दिवशी याच्या रक्तात जंतू आधीच उतरलेले असणे शक्य होते. पेढीत रक्ताची हिवतापासाठी तपासणी करतात, पण ती काचपट्टीची किंवा झटपट पट्टीची. इतके विरळ जंतू तिला सापडलेच असते असे नाही. आणि शीतपेटीतील रक्तात ते कित्येक दिवस जगतात." बाळंतिणीच्या अंगात पोटावर ताजी जखम, रक्त आधीच कमी, कुशीला दोन दिवसांचे बाळ, आणि वर हिवताप. आम्ही खुर्चीत बसून होतो. पुतण्या खिडकीबाहेर पाहत होता. रक्तपेढीतील आमचे कानातले बोलणे त्याने डॉक्टरांना सांगितले नाही, अद्याप कोणालाही सांगितलेले नाही; ते येथे आम्हीच सांगत आहोत.

मग आम्ही एक भाबडा प्रश्न विचारला. ही तपासणी इतकी सूक्ष्म आहे, तर सप्टेंबरात ती केली असती तर यकृतातले निजलेले जंतू दिसले असते का? डॉक्टर म्हणाले, नाही. ती रक्त पाहते, यकृत नव्हे. निजलेला जंतू दाखविणारी कोणतीही तपासणी आज डॉक्टरांच्या हाती नाही. न दिसणाऱ्या शत्रूवर चौदा दिवस गोळ्या घ्यावयाच्या, एवढाच उपाय. मात्र त्याआधी जी-सिक्स-पीडी नावाच्या एका द्रव्याची रक्तात उणीव नाही ना, हे पाहावे लागते. ज्यांच्यात ती उणीव जन्मतः असते त्यांच्या तांबड्या पेशी या औषधाने फुटतात, लघवी काळसर होते. गर्भवतीला आणि तान्ह्या बाळाला हे औषध देत नाहीत. पोटात जळजळ होत असेल तर? "जेवल्यावर घ्या," डॉक्टर म्हणाले. इतके सोपे उत्तर होते, आणि ऑगस्टात ते आम्ही कुणाला विचारले नव्हते!

पुतण्याने आपला प्रश्न विचारला. मंगळुरूला राहावयाचे तर ताप येण्यापूर्वीच रोज एखादी गोळी घेतली तर? हा प्रश्न जुना आहे. आमच्या सांबऱ्याची धावपट्टी 1942 साली ब्रिटिश विमानदलाने बांधली. ज्या ब्रह्मदेशच्या आघाडीसाठी तेव्हा हिंदुस्थानभर अशी तयारी चालली होती, तेथे 1943 साली एका जखमी शिपायामागे एकशेवीस आजारी शिपाई मागे पाठवावे लागत, आणि त्यात हिवतापाचा भरणा मोठा. जनरल स्लिम यांनी रोज मेपॅक्रीनची पिवळी गोळी सक्तीची केली. अवचित रक्त तपासून, ज्या पलटणीत गोळ्या घेतलेल्या आढळल्या नाहीत तिच्या अधिकाऱ्यालाच दूर केले. तीन अधिकारी गेल्यावर बाकीचे समजले. शिपायांनाही गोळी नको असते तर, हे ऐकून आम्हांला उगाच थोडे बरे वाटले.

आज आपल्याकडे थोड्या आठवड्यांसाठी हिवतापाच्या प्रदेशात जाणाऱ्याला डॉक्सिसायक्लीन रोज देतात, दोन दिवस आधीपासून परत आल्यावर चार आठवड्यांपर्यंत. दीर्घकाळ राहणाऱ्या जवानांसारख्यांना आठवड्यातून एकदा मेफ्लोक्वीन. दोन्हींना आपापली पथ्ये आहेत आणि दोन्हींचा यकृतात निजलेल्या व्हायवॅक्सवर इलाज चालत नाही. जन्मभर तेथेच काम करणाऱ्या गवंड्याने रोज गोळी घेणे हा मार्ग नव्हे. त्याने मच्छरदाणी घ्यावी, टाकी झाकावी आणि ताप आल्याबरोबर, कोणतीही गोळी घेण्यापूर्वी, रक्त द्यावे, असे डॉक्टरांनी सांगितले. आफ्रिकेच्या साहेल पट्टीत मात्र पावसाच्या महिन्यांत लहान मुलांना दरमहा प्रतिबंधक गोळ्या दिल्या जातात, 2012 पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीने, आणि त्याचा चांगला गुण आलेला आहे. तिकडच्या मुलांसाठी आता लसही निघाली. 2023 साली शिफारस झालेली आर-ट्वेंटीवन ही लस आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होते. ती फाल्सिपेरम जातीवरची आहे. आमच्या मुलाच्या व्हायवॅक्सला तिचा उपयोग नाही.

घरी आल्यावर आम्हांला सेमिनरीतील एका जुन्या स्नेह्याने सांगितलेली गोष्ट आठवली. सिंकोना झाडाची साल, जिच्यातून पुढे 1820 साली क्विनीन वेगळे काढले गेले, ती सतराव्या शतकात दक्षिण अमेरिकेतून युरोपात पोचविण्यात येशूसंघीय धर्मगुरूंचा मोठा हात होता. रोम शहर तेव्हा दलदलीच्या तापाने पोखरलेले होते. 1623 च्या पोपनिवडणुकीला जमलेले कार्डिनलही त्या तापातून सुटले नाहीत. कार्डिनल द लुगो यांनी ही साल रोममधील गरिबांना वाटली. लोक तिला "जेझुइटांची भुकटी" म्हणत, आणि पुष्कळांनी केवळ त्या नावामुळे ती घेण्याचे नाकारले. ती फार कडू होती, हेही एक कारण असावे.

पुतण्याला जी-सिक्स-पीडीची उणीव नाही असे कळल्यावर नोव्हेंबरच्या मध्यास दुसऱ्यांदा चौदा गोळ्या सुरू झाल्या. डब्यातील जुन्या नऊ डॉक्टरांनी वापरू दिल्या नाहीत. रोज रात्री जेवणानंतर वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन त्याच्यासमोर उभी राही आणि गोळी गिळल्यावर कालनिर्णयावर, फुल्यांच्या खालच्या ओळींत, एक गोल काढी. आम्ही ओसरीवर बसून ऐकत असू. आम्हांला कोणी काही विचारीत नव्हते.

बाळाचा बाप्तिस्मा नाताळानंतरच्या रविवारी झाला. मामा धर्मपिता झाला. चर्चमधून घरी आलो तो आरोग्य केंद्राची मुलगी दाराशी उभी. बाहेरगावाहून आलेल्यांची रक्ततपासणी करावयाची होती. पुतण्याने नव्या सदऱ्याची बाही सावरून बोट पुढे केले. तिने थेंब काचपट्टीवर घेतला आणि वहीत लिहिता लिहिता विचारले, "अजून कुणाला ताप?" आम्ही नको नको म्हणत असता सौ.नी आमचाही हात धरून पुढे केला.